कीबोर्डचे साउंड कार्ड घेताना

कापडाच्या धंद्यात सुरुवातीला आम्ही एक चूक केली होती. भिवंडीहून भारी माल उचलला, पण तो आमच्या गिऱ्हाइकाच्या कामाचा नव्हता. थान वर्षभर फडताळात पडून राहिले. कळव्यातल्या एका तरुणाने वाद्याच्या बाबतीत तशीच चूक केली, म्हणून वाजवून रोजी कमावणाऱ्या बांधवांसाठी हे चार शब्द.

हा तरुण हळदीच्या कार्यक्रमांत आणि कव्वालीच्या पार्टीत कीबोर्ड वाजवतो. त्याने रोलंड कंपनीचा एक्सपी-३० हा जुना सिंथेसायझर घेतला. पुढे व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज हवा म्हणून आमच्याकडून हातउसने घेऊन ‘ऑर्केस्ट्रल’ नावाचे कार्ड आणले. बसवल्यावर कळले की ‘ऑर्केस्ट्रल’, ‘सेशन’ आणि ‘टेक्नो’ या तीन कार्डांचे आवाज एक्सपी-३० मध्ये कंपनीनेच आधीपासून घातलेले असतात. विकणाऱ्याने सांगितले नाही, याने विचारले नाही. “चाचा, घरातलाच माल पुन्हा विकत घेतला,” असे तो खाली मान घालून म्हणाला.

कार्ड म्हणजे काय?

रोलंडची ‘एसआर-जेव्ही ८०’ ही कार्डे १९९० च्या दशकात निघाली. खऱ्या वाद्यांच्या आवाजाचे नमुने त्यांत कायमचे साठवलेले असतात. कार्डाने आवाजांचे प्रकार वाढतात, यंत्राची ताकद वाढत नाही. १९९४ चे जेव्ही-१०८० एका वेळी ६४ आवाज काढते. चार कार्डे घातली तरी ते ६४ च राहतात.

आधी जागा मोजा

जेव्ही-८८० मध्ये एकच कार्ड बसते, एक्सपी-३० मध्ये दोन, जेव्ही-१०८० आणि एक्सपी-८० मध्ये चार, तर जेव्ही-२०८० मध्ये आठ. नंतर आलेली ‘एसआरएक्स’ कार्डे वेगळी आहेत, ती या यंत्रांत बसत नाहीत. एक्सव्ही-३०८० आणि एक्सव्ही-५०८० मध्ये मात्र दोन्ही प्रकारांना जागा आहे.

मग काम बघा

सुपारी कसली येते, त्यावर कार्ड ठरवावे. सतार आणि सनई जनरल मिडीच्या १२८ आवाजांत असतातच आणि जेव्ही-१०८० मध्ये ते १२८ आवाज आहेत. आधी ते वाजवून पाहा, भागत असेल तर पैसे वाचले. तबला, सतार अधिक चांगली हवी असेल तर ‘वर्ल्ड’ किंवा ‘एशिया’ कार्ड ऐकावे. पण ‘एशिया’त चीन, जपान, इंडोनेशियाची वाद्येही आहेत आणि त्यांचेही पैसे आपणच मोजतो. ठेका आणि बेस कमी पडत असेल तर ‘बेस अँड ड्रम्स’ पाहावे.

सौद्याच्या वेळी

ही कार्डे आता नवी बनत नाहीत, सौदा जुन्या मालाचाच होतो. म्हणून कार्ड यंत्रात बसवून, त्यातले आवाज एकेक वाजवूनच पैसे द्यावेत. बसवताना वीज बंद करावी, वायर काढावी, आधी धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी आणि जोडणीच्या टोकांना बोट लावू नये. आपण जमवलेल्या आवाजात कार्डाचा नमुना वापरला असेल, तर कार्ड काढल्यावर तो आवाज नीट वाजणार नाही, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांच्याकडे चांगला संगणक आहे, त्यांना जेव्ही-१०८० आणि एसआरएक्सचे आवाज कंपनीकडून सॉफ्टवेअर म्हणूनही मिळतात.

आमच्या तरुणाने ते कार्ड मुंब्र्यातल्या एका जेव्ही-१०८० वाल्याला घाट्याने विकले. आमचे पैसे तो लग्नसराईत हप्त्याने फेडतो आहे. आता कुठलेही यंत्र घेण्याआधी तो त्याची माहितीपुस्तिका मागतो. हा धडा त्याला महाग पडला, वाचकांना तो फुकट मिळावा, एवढीच आमची इच्छा.