जुनी वही, नवा कागद

‘टाकाऊतून टिकाऊ’च्या नावाखाली आपण मुलांना नेमके काय शिकवतो? सुटीच्या एका दिवसात, घरच्याच सामानानिशी, कचऱ्यातून खरोखर नवी वस्तू कशी घडते हे त्यांना दाखवता येते.

मुलगी चौथीत असतानाची गोष्ट. रविवारी रात्री नऊ वाजता तिला आठवले, की उद्या शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तू न्यायची आहे. घरात टाकाऊ असे काही सापडेना. शेवटी तिचे बाबा कोपऱ्यावरच्या दुकानातून थंड पेयाची मोठी बाटली घेऊन आले. ती रिकामी व्हावी म्हणून सर्वांनी घाईघाईने पेय संपवले. धाकट्याला खोकला होता, तरी त्यालाही मिळाले! बाटलीबरोबर चमकी, टिकल्या, सोनेरी कागद आणि गोंदाची नवी ट्यूबही आली होती. रात्री साडेअकराला फुलदाणी तयार झाली. ती मी केली होती. मुलगी केव्हाच झोपली होती.

फुलदाणीचे कौतुक झाले. काही दिवस ती कपाटावर राहिली आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्यासमोर आली. त्याने ती हातात घेऊन पाहिली आणि परत केली. साधी बाटली त्याने आनंदाने नेली असती; गोंद आणि चमकी चिकटलेली त्याच्या उपयोगाची नव्हती. म्हणजे पुन्हा कामी येणारी वस्तू आम्ही हौसेने, पैसे खर्चून, कायमचा कचरा करून टाकली होती.

आपल्या घरांना पुनर्वापर नवा नाही. जुन्या साडीची गोधडी, फाटक्या बनियनचे फडके, बिस्किटांच्या डब्यात डाळी हे सारे आपल्या आजीपासून चालत आले आहे. पण पुनर्चक्रण ही त्याहून वेगळी गोष्ट. त्यात वस्तू पार मोडली जाते आणि तिच्या मूळ द्रव्यातून नवी वस्तू घडते. हे काम कारखान्याच्या भिंतीआड चालते, त्यामुळे मुलांच्या दृष्टीने रद्दी दाराबाहेर गेली की नाहीशी होते. काच किंवा पत्रा घरी वितळवता येणार नाही. कागद मात्र घरी करता येतो, आणि तोही मुलांच्याच हातांनी.

मोरीतला कारखाना

वर्ष संपल्यावर उरलेल्या वह्या घ्या. पिना काढा, गुळगुळीत पुठ्ठ्याची कव्हरे बाजूला ठेवा. पानांचे टपालाच्या तिकिटाएवढे तुकडे मुलांना करू द्या. गणिताची वही फाडायला मिळणे हाच अर्धा आनंद! कात्रीपेक्षा हाताने फाडलेले बरे. फाटलेल्या कडेला तंतू मोकळे होतात. हे तुकडे रात्रभर भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी मूठभर तुकडे आणि मिक्सरचे भांडे पाऊण भरेल इतके पाणी, असे थोडे थोडे घेऊन फिरवा. हे काम मोठ्यांनीच करावे. शक्यतो स्वयंपाकातून बाद झालेले भांडे घ्या. मिक्सर नको असेल तर खलबत्ता आहे. वेळ लागेल, पण मुले दमतील हाही फायदाच.

हा लगदा रुंद टबात ओता आणि त्यात पाणी घालून पातळ ताकासारखा करा. जुन्या फोटोच्या लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून छोट्या खिळ्यांनी बसवा. चौकट टबात तिरकी बुडवायची, तळाशी आडवी करायची आणि सरळ वर उचलून हलकेच हलवायची. पाणी गळून जाते आणि जाळीवर करडी, मऊ साय उरते. मग सपाट पसरलेल्या ओल्या सुती फडक्यावर चौकट उपडी घालून, जाळीच्या पाठीवरून स्पंजने पाणी टिपायचे आणि एका कडेने ती अलगद उचलायची. वर दुसरे फडके, त्यावर फळी, आणि फळीवर पाटा किंवा जाड पुस्तके. तासाभराने फडक्यासकट कागद सावलीत वाळत घाला. पावसाळ्यात दोन दिवसही लागतात.

पहिले चार-पाच कागद फाटतील, हे आधीच सांगून ठेवते. आमचे सहा फाटले. ते पुन्हा टबात टाकायचे. तेही पुनर्चक्रणच की! सातवा सुटला, तेव्हा मुलीने तो दोन्ही हातांवर पापडासारखा धरून घरभर फिरवला.

मग प्रश्न सुरू होतात, आणि खरे शिकणे इथेच आहे. गोंद नसताना कागद चिकटला कसा? कागद म्हणजे वनस्पतींचे बारीक तंतू. पाण्यात ते सुटे होतात आणि वाळताना एकमेकांना घट्ट बिलगतात. कागद करडा का? जुनी शाई आतच राहिली म्हणून. पेनची शाई का पसरते? अशा कागदाला खळ नसते. पुढच्या खेपेला लगद्यात थोडी भाताची पेज घालून पाहा. तेलकट वडापावचा कागद मात्र या टबात चालत नाही, कारण तेलामुळे तंतूंची पकड बसत नाही. म्हणूनच रद्दी कोरडी आणि स्वच्छ ठेवायची असते, हे वेगळे समजवावे लागत नाही.

“मग एकाच कागदाचा पुन्हा पुन्हा कागद करता येईल?” या प्रश्नाला खरे उत्तर द्या. नाही. दर खेपेस तंतू तुटून आखूड होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यांचा कागद धरत नाही. शेवटी शेवटी तो अंड्यांचे ट्रे किंवा खोकी अशा हलक्या कामाला येतो. हे कळल्यावर आमच्याकडे पाठकोऱ्या कागदांची वही आपोआप सुरू झाली.

पुण्याला जाणे झाले तर तिथली हातकागद संस्था मुलांना जरूर सांगा. ती १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झाली. सुती कापडाच्या कातरणांपासून तिथे कागद घडवला गेला. जयपूरजवळच्या सांगानेरमध्ये कागजी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या हाच व्यवसाय करत आली आहेत. मोठे हौद, मोठ्या चौकटी, पण हातांची हालचाल तीच, तुमच्या मोरीतली.

कुंडीतली परीक्षा

दुसरा उद्योग आळशी पालकांसाठी. मोठ्या कुंडीतल्या ओलसर मातीत पाच वस्तू वीतभर अंतरावर पुरा: केळ्याची साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी, बाटलीचे झाकण आणि वेफरचे रिकामे पाकीट. प्रत्येकापाशी नावाची काडी रोवा. काय होईल याचा अंदाज मुलांना आधी लिहून ठेवायला सांगा. माती सुकू देऊ नका आणि दीड महिना उकरू नका. हे दुसरे कठीण आहे!

आमच्या कुंडीत साल सापडलीच नाही. कागदाचा चोथा झाला होता, चिंधीला भोके पडली होती. झाकण होते तसे. आणि वेफरचे पाकीट धुतल्यावर दुकानातल्यासारखे चकाकत होते. अशा पाकिटात प्लॅस्टिकचे आणि धातूचा मुलामा दिलेले पातळ थर एकमेकांवर चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवालाही ते घेत नाही. मुलाने वेफर सोडले असे मुळीच झाले नाही. पण तेव्हापासून तो पाच छोट्या पाकिटांऐवजी एक मोठे मागतो. (वेफर तेवढेच, हे माझ्या लक्षात आले आहे.)

रद्दीच्या तराजूपाशी

रद्दीवाला येईल तेव्हा मुलांना बोलवा. वर्तमानपत्र, वह्या आणि पुठ्ठा यांचे भाव वेगळे का, हे त्यालाच विचारू द्या. घरातला कचरा वेगवेगळा करून द्यावा असे २०१६ च्या नियमांनी सांगितले, पण ही वर्गवारी या माणसांना त्याआधीपासून पाठ होती. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली. पुढे त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ साली पालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. आपण बादलीत एकत्र टाकलेले सारे कोणाला तरी हाताने निवडावे लागते, हे मुलांना स्पष्ट सांगा. फुटकी काच जाड कागदात बांधून वर लिहिण्याचे काम आमच्याकडे आता मुलीकडे आहे. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना लिहिता-वाचता येते का, असे तिने विचारले. मला ठाऊक नव्हते. तिने दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारले आणि तेव्हापासून ती फुटक्या ग्लासाचे चित्र काढते.

शाळेतून पुन्हा ‘टाकाऊतून टिकाऊ’ची चिठ्ठी आली, तर अरविंद गुप्ता यांची खेळणी आठवा. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून ते त्रिकोण, चौकोन आणि घरे उभी करतात. यासारख्या साध्या वस्तूंतून त्यांनी असंख्य मुलांना विज्ञान शिकवले. या कामासाठी २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विशेष म्हणजे असे खेळणे सुटे करून पुन्हा दुसरे जोडता येते. त्यात चमकी कुठेच नसते.

आणि हो, कागद करून झाल्यावर टबातले पाणी मोरीत ओतू नका. लगदा नळीत बसून ती तुंबते. आमची तुंबली होती. पाणी जुन्या पंचातून गाळून झाडांना घाला. उरलेला लगदा पिळून त्याचे गोळे करा आणि पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पुढच्या रविवारी पाण्यात टाकले की काम तिथूनच सुरू.