हृदयाची न्यूक्लियर तपासणी
बारामती-इंदापूरहून या तपासणीसाठी पुण्याला जाणाऱ्या रुग्णाने आदल्या दिवसापासून चहा-कॉफी वर्ज्य करावी, कारण त्यांतील कॅफिन तपासणीत श्रमाऐवजी दिल्या जाणाऱ्या, हृदयाच्या धमन्या रुंदावणाऱ्या औषधाचा परिणाम रोखते. पहाटेच्या एसटीआधी स्थानकावर घेतलेल्या अर्ध्या कपामुळेही तपासणी पुढे ढकलावी लागू शकते. शिरेतून टोचलेल्या टेक्नेशियमची किरणोत्सारिता दर ६ तासांनी निम्मी होते, आणि गॅमा कॅमेरा, म्हणजे शरीरातून बाहेर पडणारे किरण टिपणारे यंत्र, विश्रांतीतील व श्रमानंतरच्या रक्तपुरवठ्याची चित्रे घेतो. केवळ श्रमानंतर फिका दिसणारा भाग धमनी अरुंद झाल्याचे सुचवतो, तर दोन्ही चित्रांत फिका दिसणारा बहुधा जुन्या झटक्याचा व्रण असतो. गर्भवती, स्तनदा माता आणि दमेकऱ्यांनी तसे आधीच सांगावे. नेहमीची औषधे मात्र कोणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.