दिवाळीनंतर दुसरीत काय शिकवतात?

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेची घंटा पुन्हा वाजू लागली.

आमच्या गावी रात्रीच्या साक्षरता वर्गाला एक आजी येतात. त्यांना आता नाव लिहिता येते. बोट ठेवून चार ओळी वाचताही येतात. परवा त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, माझा नातू दुसरीत आहे. पोरगा आणि सून उसाला निघालीत. पोराला संगं न्यायचं म्हणत्यात. दोन-चार महिने शाळा बुडली तर असं काय मोठं बिघडतं?"

मी म्हणालो, "आजी, हे चार महिने कोणते आहेत ते आधी पाहू. मग तुम्हीच सांगा."

मंडळी, तेच आज तुम्हालाही सांगतो.

शाळेच्या वर्षाचे दोन भाग असतात. पहिला भाग जून ते दिवाळी. दुसरा भाग दिवाळी ते एप्रिल. पहिल्या भागात दुसरीच्या मुलांची बरीचशी उजळणी होते. पहिलीचे विसरलेले पुन्हा आठवायचे असते. खरी चढण दुसऱ्या भागात लागते.

आधी वाचन घ्या. मुलाला 'घर', 'पाणी', 'बैल' असे शब्द वाचता येऊ लागलेले असतात. आता जोडाक्षरांचा सराव वाढतो. 'रस्ता', 'पुस्तक', 'म्हातारी', 'ज्वारी'. त्यात र हे अक्षर मोठे खोडकर! 'सूर्य' लिहिताना ते डोक्यावर बसते. 'चक्र' लिहिताना पायाशी येते. 'ट्रक' लिहिताना ट च्या खाली जाऊन बसते. आणि 'वाऱ्यावर' लिहिताना वेगळीच तऱ्हा. एकच र, पण रूपे चार. तुम्हीही याच र पाशी अडखळला असाल. मग सात वर्षांचे पोर अडखळले तर त्याला ठोंब्या म्हणू नका.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' नावाची मोहीम सुरू केली. कोणत्या इयत्तेच्या शेवटी मुलाला काय आले पाहिजे, ते तिच्यात ठरवले आहे. दुसरीच्या शेवटी मुलाने एका मिनिटात ४५ ते ६० शब्द वाचावेत, आणि तेही समजून. ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात. ९९ पर्यंतची वजाबाकी करावी.

'समजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. कित्येक मुले धडा ऐकून ऐकून पाठ करतात. पुस्तक उलटे धरले तरी म्हणून दाखवतात! म्हणून घरी मुलाला पुस्तकाबाहेरचे काही वाचायला द्या. बियाण्याची पिशवी द्या, एसटीची पाटी दाखवा. वाचून झाले की विचारा, "काय लिहिलंय रे त्यात?" त्याने आपल्या शब्दांत सांगितले, तर त्याला वाचता येते असे समजा.

आता गणित. संख्या लिहिताना मराठी मुलाला एक निराळी अडचण येते. 'त्रेसष्ट' म्हणा बरे. कानाला आधी काय ऐकू येते? तीन. मग साठ. पण लिहिताना आधी ६ लिहायचे, मग ३. मूल ऐकेल तसे लिहिते आणि ३६ करून ठेवते. 'एकोणपन्नास' तर त्याहून अवघड. ऐकू येतात पन्नास, आणि लिहायची सुरुवात ४ ने!

म्हणून २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांबरोबर 'साठ तीन', 'सत्तर दोन' अशी सोपी नावेही दिली होती. त्या वेळी राज्यात त्यावर मोठा वाद झाला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण समजावून सांगितले होते. माझे मत विचाराल तर, बाजारात 'त्रेसष्ट'च चालते, तेव्हा ते यायलाच हवे. पण मूल अडले असेल तर "साठ आणि तीन, त्रेसष्ट" असे दोन्ही एकदम म्हणावे. त्यात कुणाचे काही जात नाही.

यानंतर येते वजाबाकी. हीच मुलांना सर्वांत जड जाते. म्हणून जरा सावकाश पाहू.

५२ मधून २७ वजा करायचे आहेत. तुरीच्या बारीक काड्या घ्या. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या बांधा. दोन काड्या सुट्या ठेवा. झाल्या ५२. आता २७ काढायच्या, म्हणजे दोन जुड्या आणि सात सुट्या. पण सुट्या तर दोनच आहेत. सात कोठून आणायच्या? मग एक जुडी सोडा. दहा आणि दोन, बारा सुट्या झाल्या. जुड्या उरल्या चार. बारातून सात गेल्या, राहिल्या पाच. चार जुड्यांतून दोन गेल्या, राहिल्या दोन. उत्तर २५.

शाळेत आता असेच जुडी सोडून शिकवतात. आमच्या लहानपणी रीत वेगळी होती. बारातून सात गेले पाच, हातचा एक. दोन आणि एक तीन. पाचातून तीन गेले दोन. उत्तर तेच, २५. पण शाळेत बाई एक रीत सांगतात, घरी बाप दुसरी सांगतो, आणि पोर मध्येच अडकते. तेव्हा आधी त्याची वही पाहा. "बाईंनी कसं केलं, मला दाखव," असे म्हणा. ते शिकवील, तुम्ही शिका.

पाढेही याच काळात पक्के होतात. तीन दुणे सहा म्हणजे तीन-तीनचे दोन ढीग, हे कळले की पाढा लवकर पाठ होतो.

पाहा, हे सारे एकावर एक उभे आहे. जुडी सोडणे कळले नाही, तर तिसरीत मोठ्या संख्यांची वजाबाकी येत नाही. वजाबाकी आणि पाढे नाहीत, तर पुढे भागाकार येत नाही.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. दुसरीतला एक मुलगा दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. तिकडे कोपीत राहून धाकट्या बहिणीला सांभाळी. पाडव्यानंतर परत आला. मुलगा हुशार होता. मी म्हटले, करील भरून. आणि त्याला तिसरीत घातले. तिसरीतही तो दिवाळीनंतर गेला. चौथीत आला तेव्हा टेबलाखाली हात लपवून बोटे मोजत होता. इतर मुले हसतील म्हणून लपवत होता. पाचवीत त्याने शाळा सोडली. त्याला त्या उन्हाळ्यात रोज तासभर बसवून दुसरीचे गणित शिकवायला हवे होते. ते मी केले नाही. ती चूक माझीच.

"आता कुणी नापास होत नाही," असेही लोक म्हणतात. ते आता खरे नाही. महाराष्ट्रात २०२३-२४ या शालेय वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते. त्यात नापास झाले तर पुन्हा एकदा परीक्षा होते. तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहते.

पण मुकादमाकडून उचल घेतली आहे, आणि टोळी तर निघालीच आहे. मग मुलाचे काय करायचे? दोन वाटा आहेत.

पहिली वाट हंगामी वसतिगृहाची. ज्या गावांतून पुष्कळ माणसे तोडीला जातात, तेथे ही सोय करतात. मूल गावातच आजी-आजोबांजवळ किंवा नातेवाइकांकडे राहते. जेवणाची व्यवस्था होते. शाळा चालू राहते. मात्र नावे आधी द्यावी लागतात. गाडी निघायच्या दिवशी शाळेत जाऊन उपयोग नाही.

दुसरी वाट शिक्षण हमी कार्डाची. मुलाला न्यावेच लागले, तर निघण्याआधी गुरुजींकडून हे कार्ड मागून घ्या. मुलाची इयत्ता आणि त्याला काय येते, हे त्यावर लिहिलेले असते. तळाजवळच्या शाळेत ते दाखवा. मुलाला त्याच्या वर्गात बसवून घेतात. दाखला नाही म्हणून त्यांना नाही म्हणता येत नाही. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्याने हा हक्क दिला आहे.

हे सगळे ऐकून आजी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण धाकटीला कोण बघंल?"

प्रश्न खरा होता. माझ्याजवळ त्याचे सोपे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला आणि सुनेला घेऊन शाळेत आल्या. घरात बरीच बोलाचाली झालेली दिसत होती. शेवटी धाकटीलाही आजींजवळच ठेवायचे ठरले. नातवाचे नाव वसतिगृहाच्या यादीत गेले. अर्जावर पालक म्हणून आजींनी सही केली. अंगठा नाही, सही.

आता संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर तुरीच्या काड्यांच्या जुड्या पडलेल्या असतात. नातू जुडी सोडतो आणि आजीला विचारतो, "सांग, किती उरल्या?"