दुर्गुणाला चेहरा कोणाचा?

मंडळी, पडद्यावरचं हे चित्र १५५८ साली अँटवर्पमध्ये प्रकाशित झालं. रेखाटलं पीटर ब्रॉयगेलने, तांब्याच्या पत्र्यावर कोरलं पीटर फान डर हेडनने. मधोमध नटलेली बाई, हातात आरसा, शेजारी मोर. ही कोणी व्यक्ती नव्हे, हा गर्व आहे. याच मालिकेत लोभाच्या पायाशी बेडूक आहे, आळसाजवळ गाढव. पुढे सद्गुणांचीही मालिका आली. त्यातल्या संयमाच्या डोक्यावर घड्याळ आहे आणि तोंडात लगाम!

ही चित्रं वाचायची कशी? आपण गदा दिसली की मारुती ओळखतो ना, तशीच. आधी हातातली वस्तू पाहायची, मग प्राणी, मग खाली कोरलेला मजकूर.

पण मग या बायकाच का? याचं एक मोठं कारण व्याकरणात आहे. लॅटिनमध्ये गर्व, लोभ यांसाठीचे शब्द स्त्रीलिंगी आहेत, म्हणून चित्रकाराने बाई काढली. आपले षड्रिपू पाहा: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. सगळे पुल्लिंगी! म्हणजे दुर्गुणाला स्वतःचा चेहरा नसतोच. तो कुठून तरी उसना घ्यावा लागतो.

खरी अडचण इथेच सुरू होते. ब्रॉयगेलच्या आधी, १५२१ साली, लुकास क्रानाखने लाकडी ठशांच्या मालिकेत ख्रिस्ताचा शत्रू दाखवला आणि त्याला चेहरा दिला पोपचा. धर्मसुधारणेचं भांडण पेटलेलं होतं. छापील चित्र स्वस्त, ते गावोगाव पोचायचं. दुर्गुण आता 'आपल्या सगळ्यांतला' राहिला नाही, तो 'त्यांचा' झाला.

हे सगळं लांबचं वाटतं? मग हिंजवडीहून लोणावळ्याच्या दिशेने चला. वाटेत कार्ल्याजवळ मळवली लागतं. राजा रवी वर्मा यांचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे तिथे हलला. त्यांच्या शिळाछापातलं एक गाजलेलं चित्र म्हणजे चौऱ्याऐंशी देवता अंगावर असलेली गाय. तिच्यासमोर तलवार उगारलेला, जनावराच्या तोंडाचा राक्षस आहे. रूपकाच्या भाषेत तो कलियुग.

पण १८९०च्या दशकात गोरक्षणाची चळवळ आणि दंगे चालू असताना अशा गायीच्या चित्रांवरून वाद झाले. काढणारे म्हणत, हा कलियुग आहे. अनेक मुसलमानांना वाटलं, हा राक्षस म्हणजे आम्हीच. नुसतं 'हे रूपक आहे' म्हणून हा प्रश्न सुटत नव्हता, कारण चित्राचा अर्थ बघणाऱ्याच्या आजूबाजूला काय घडतंय, त्यावरही ठरतो.

म्हणून यापुढे असं चित्र समोर आलं, मग ते संग्रहालयात असो की फोनवर फिरत आलेलं, तर आपण दोन प्रश्न विचारू. हा कोणता दुर्गुण आहे? आणि त्यासाठी चेहरा कोणाचा घेतलाय? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा चित्रातच सापडतं. दुसऱ्यासाठी मात्र चित्राबाहेर बघावं लागतं.