मुकाट्याने झिजणारा पट्टा

गोव्याच्या वाड्यांवर काय किंवा बेळगाव-खानापूरकडील खेड्यांत काय, घराच्या अंगणात मोटारगाडी उभी असणे हे आता नवलाचे राहिलेले नाही. या गाड्यांपैकी पुष्कळशा जुन्या बाजारातून घेतलेल्या, दहा-पंधरा वर्षे चाललेल्या असतात. कुटुंबाच्या दृष्टीने ती मोठीच मिळकत होय. म्हणून तिचा रंग, टायर, बॅटरी यांची निगा सारेजण आस्थेने राखतात. परंतु इंजिनाच्या एका बाजूस, झाकणाखाली, इंचभर रुंदीचा एक रबरी पट्टा असतो. त्याचे नाव 'टायमिंग बेल्ट'. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मनातही येत नाही. या पट्ट्याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात, असे आम्हांस वाटते. कारण त्याच्याकडे झालेले दुर्लक्ष एका क्षणात सबंध इंजिनाच्या मुळावर येऊ शकते.

पट्ट्याचे काम

इंजिनाच्या पोटात दोन मुख्य दांडे फिरत असतात. खालचा तो क्रँकशाफ्ट. त्याच्या जोरावर पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होतात. वरचा तो कॅमशाफ्ट. तो सिलिंडरच्या माथ्यावरील झडपा, म्हणजे मेस्त्री ज्यांना व्हॉल्व्ह म्हणतात त्या, उघडतो व मिटू देतो. एका झडपेने हवा आत घ्यावयाची, दुसरीने जळलेला धूर बाहेर सोडावयाचा. खालच्या दांड्याचे दोन फेरे झाले की वरच्याचा बरोबर एक फेरा व्हावयास हवा. त्यात एका दाताचाही फरक पडता कामा नये. हा ताळ राखणारा दुवा म्हणजे दाते असलेला हा पट्टा.

घरातील शिवणयंत्र ज्यांनी चालविले आहे, त्यांना ही गोष्ट सहज उमजेल. सुई खाली यावी आणि नेमक्या त्याच वेळी खालच्या बॉबिनच्या भागाने धागा उचलावा, असा तेथे नेम असतो. तो नेम चुकला तर टाका तरी सुटतो किंवा सुई तरी मोडते. गंमत अशी की, दातेरी पट्टा प्रथम उपयोगात आला तो मोटारीत नव्हे, तर शिवणयंत्रातच. 1940 च्या दशकात अमेरिकेतील गिल्मर कंपनीने तो सिंगर यंत्रांसाठी तयार केला. पुढे 1962 साली जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातल्या ग्लास नावाच्या कारखान्याने आपल्या 'ग्लास 1004' या मोटारीत तो बसविला, आणि तेव्हापासून जगभरच्या मोटारींत त्याचा प्रसार झाला.

साखळी गेली, पट्टा आला

आमच्या वडीलधाऱ्या पिढीने ज्या गाड्या पाहिल्या, त्या जुन्या ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी गाड्यांत हे काम लोखंडी साखळीकडे असे. साखळी तेलात बुडून फिरते, पुष्कळ वर्षे टिकते आणि सैल झाली की खडखडाट करते. बैल लंगडू लागला म्हणजे धनी त्याचा खूर पाहतो, तद्वत गाडी कुरकुरू लागली म्हणजे मेस्त्रीकडे न्यावी, असा त्या काळचा नियम होता. आणि साखळीपुरता तो पुरेसाही होता.

1983 च्या अखेरीस मारुती 800 रस्त्यावर आली, ती मात्र पट्ट्याची. 1998 साली आलेल्या टाटा इंडिका आणि ह्युंदाई सँट्रो याही पट्ट्याच्याच. पट्टा हलका, स्वस्त आणि शांत. त्याला तेल लागत नाही. परंतु त्याच्या या शांतपणातच धोका दडलेला आहे. रबराच्या आत काचतंतूंचे दोर असतात. त्यांच्यावर सगळा ताण पडतो. ते आतल्या आत कमजोर होतात, तरी गाडी पूर्वीसारखीच चालत राहते. पट्टा कुरकुरत नाही. तो एके दिवशी तुटतो. बऱ्याच वेळा गाडीतून येणारी किंचाळी ही बाहेरच्या, डायनॅमो व पंखा फिरविणाऱ्या दुसऱ्याच पट्ट्याची असते. तो बदलून लोक निर्धास्त होतात, आणि झाकणाखालचा पट्टा तसाच राहून जातो.

जेथे पिस्टन झडपेवर आदळतो

पट्टा तुटल्यावर काय होते, हे इंजिनाच्या घडणीवर अवलंबून आहे. काही इंजिनांत झडप पूर्ण उघडून खाली आली आणि पिस्टनही पूर्ण वर आला, तरी दोहोंमध्ये फट राहते. अशा इंजिनात पट्टा तुटला तर गाडी बंद पडते. नवा पट्टा घातला की पुन्हा चालू होते. दुसऱ्या प्रकारात मात्र झडप आणि पिस्टन एकाच जागेचा आळीपाळीने उपयोग करतात. एकाने जागा सोडावी, मग दुसऱ्याने तेथे यावे. यालाच 'इंटरफिअरन्स इंजिन' म्हणतात. अरुंद साकवावर समोरासमोरून येणाऱ्या दोघांनी आपापली वेळ पाळावी, तसाच हा प्रकार.

इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला 50 वेळा वर येतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते. अशा वेगात पट्टा तुटला की वरचा दांडा जागच्या जागी थांबतो. काही झडपा उघड्याच राहतात, खाली लोंबलेल्या. खालचा दांडा मात्र वेगाच्या भरात फिरतच असतो, आणि पिस्टन त्या झडपांवर आदळतात. झडपा वाकतात, त्यांना धरणाऱ्या नळ्या फुटतात, कधी पिस्टनला भोक पडते, कधी माथ्याचा सबंध भाग, म्हणजे हेड, निकामी होतो. हे सारे घडावयास एक सेकंदही लागत नाही.

मग कारखानदार अशी इंजिने करतात तरी का, असा प्रश्न कोणीही विचारील. त्यात त्यांचा कपट नाही. फट ठेवली नाही म्हणजे हवा अधिक दाबता येते, झडप अधिक उघडता येते, आणि तेवढ्याच इंधनात अधिक शक्ती मिळते. डिझेल इंजिनाला तर ठिणगी नसते. हवा अतिशय दाबून तापवली तरच त्यात इंधन पेटते. म्हणून डिझेल गाडी पट्ट्याची असेल, तर पट्टा तुटताच टक्कर होणारच, असे धरून चालावे. पेट्रोल गाडीविषयी आपल्या नमुन्याची चौकशी जाणत्या मेस्त्रीकडे करावी.

किलोमीटर थोडे, वर्षे पुष्कळ

आता या लेखातील मुख्य मुद्द्याकडे वळू. पट्टा दोन गोष्टींनी झिजतो: धावण्याने आणि वयाने. कारखान्याच्या पुस्तिकेत पट्टा बदलण्याची मर्यादा किलोमीटरांत दिलेली असते. पुष्कळ जुन्या गाड्यांत ती 60,000 पासून 1,00,000 पर्यंत आढळते. पण त्या आकड्याच्या जोडीला बहुधा वर्षांचाही आकडा असतो, आणि दोहोंपैकी जे आधी पुरे होईल ते खरे मानावयाचे असते. वाचणारे पहिला आकडा ध्यानात ठेवतात आणि दुसरा विसरतात.

आमच्या गावांत हीच चूक होण्याचा संभव फार. मुलगा बोटीवर किंवा आखातात नोकरीला; घरी म्हातारे आईबाप; गाडी रविवारी मिस्साला, शुक्रवारी बाजाराला आणि क्वचित दवाखान्यात नेण्यापुरती बाहेर निघते. आठवड्याला 100 किलोमीटर धरले, तरी आठ वर्षांत होतात ते 41,600. आकडा पाहून घरातील माणसे म्हणतात, गाडी अजून नवीच आहे. परंतु रबर काही किलोमीटर मोजीत बसत नाही. इंजिनाच्या उष्णतेने, हवेने आणि काळाने ते आपोआप कडक होते व चिरते. जवळच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत असेल, तर ते आणखी लवकर कुजते. म्हणून थोडी चाललेली गाडी निर्धोक, हा समज मनातून काढून टाकावा.

जुनी गाडी विकत घेताना हाच विचार अधिक काटेकोरपणे करावा. पट्टा केव्हा, किती किलोमीटरांवर बदलला, याची पावती मागावी. पावती नसेल तर पट्टा बदललेलाच नाही, असे समजून तो खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. धुराचे प्रमाणपत्र मिळाले याचा अर्थ धूर मर्यादेत आहे, एवढाच. त्यावरून पट्ट्याविषयी काहीच कळत नाही. तसेच, आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हेही आधी विचारून घ्यावे. ऑल्टो हे एकच नाव असले, तरी ऑल्टो 800 मध्ये पट्टा असतो आणि ऑल्टो के10 मध्ये साखळी.

बदलताना घ्यावयाची काळजी

पट्टा बदलावयाचा तर एकटा पट्टा बदलून भागत नाही. त्याला ताण देणारा टेन्शनर आणि वाटेतील बेअरिंग हीही तितकीच वर्षे फिरलेली असतात. त्यांतले एक अडकले तरी नवा पट्टा जागेवरून उडतो. कित्येक गाड्यांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो. तेथे पंप त्याच वेळी बदलावा. नाहीतर वर्षभराने तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. पाझरणारी ऑइल सील त्याच खेपेस बदलून घ्यावीत. नवा पट्टा मुडपू नये, पिळू नये. तसे केल्यास आतील दोर तेव्हाच मोडतात आणि वरून काहीही दिसत नाही.

चाकांवर खुणा कोरलेल्या असतात, त्या जुळवूनच पट्टा चढवावयाचा असतो. त्यानंतर चांगला मेस्त्री किल्ली फिरवीत नाही. आधी पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवितो व खुणा पुन्हा जुळतात का ते पाहतो. मध्येच अडले तर जोर न करता थांबतो. या दोन फेऱ्यांस चार मिनिटे लागतात. आपल्या गाडीचे काम चालू असता ती आग्रहाने पाहून घ्यावीत. शेवटी तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून तो बॉनेटच्या आतल्या बाजूस चिकटवावा. घरचा मुलगा पुढे गाडी चालवू लागेल, तेव्हा त्यास हा कागदच सर्व सांगेल.

वाटेत तुटलाच तर

चोर्ला घाटात किंवा आंबोलीच्या वळणावर चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडले, तर आधी जीव सांभाळावा, इंजिनाचा विचार मागून करावा. स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. म्हणून ब्रेक पुनःपुन्हा न मारता एकदाच दाबून धरावा, क्लच दाबून गाडी डाव्या कडेला घ्यावी व हातब्रेक ओढावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये. काढल्यास स्टिअरिंग अडकते.

मग मात्र एक मोह कटाक्षाने टाळावा. गाडी बंद पडली की चार माणसे धावून येतात आणि धक्का देऊन ती चालू करू पाहतात. माणुसकीच्या दृष्टीने हे चांगलेच. परंतु पट्टा तुटला असेल, तर गिअरमध्ये घालून दिलेल्या प्रत्येक धक्क्याबरोबर पिस्टन वर येतो आणि उरलेल्या झडपाही वाकवितो. किल्ली फिरविताच इंजिन नेहमीपेक्षा हलके, भराभर फिरल्यासारखा आवाज आला, तर पट्टा गेल्याचा संशय घ्यावा आणि पुन्हा किल्लीला हात लावू नये. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ओढून न्यावी. एवढ्या संयमानेही कधी कधी निम्मे नुकसान टळते.

वेळेवर पट्टा बदलण्याचा खर्च काही हजारांचा असतो. मोडलेले इंजिन उभे करावयास त्याच्या कित्येक पट लागतात, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तो आकडा गाडीच्या किमतीहूनही वर जाऊ शकतो. तहान लागल्यावर विहीर खणणाराला निदान पाणी लागण्याची आशा असते; पट्टा तुटल्यावर जागे होणाराला तीही नसते. तेव्हा वाचकांस आमची सूचना एवढीच, की हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी घरातील गाडीची कागदपत्रे काढावीत आणि पट्टा शेवटी कोणत्या साली बदलला ते पाहावे. त्याचा उल्लेख कोठेच सापडला नाही, तर त्याच आठवड्यात मेस्त्रीला गाठावे.