मराठी छापखान्याचा संगणक : मॅक, विंडोज की लिनक्स?

मराठी मुद्रणव्यवसायात संगणकप्रणालीची निवड यंत्राच्या वेगापेक्षा देवनागरीच्या सोयीवर अधिक ठरत आली आहे. त्यामुळे मॅक, विंडोज आणि लिनक्स यांची तुलना करताना प्रत्येकीवर मराठी मजकूर कसा साठवला जातो, हे आधी पाहावे लागते.

आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर 1981 साली आला, ॲपलचा मॅकिंटॉश 1984 साली. 1985 मध्ये ॲपलचा लेझर प्रिंटर आणि ऑल्डस कंपनीचे पेजमेकर हे पानमांडणीचे सॉफ्टवेअर आले आणि डीटीपीचे, म्हणजे डेस्कटॉप पब्लिशिंगचे, युग सुरू झाले. पानाच्या मांडणीत मॅक सरस होता, पण महागही होता. सुटे भाग जोडून तयार होणारा पीसी स्वस्त पडे आणि त्याची दुरुस्ती तालुक्याच्या गावीही होई. पेजमेकर पीसीवर आल्यावर लहान छापखान्यांना मॅक घेण्याचे कारण उरले नाही.

पीसीच्या डॉस प्रणालीवर भारतीय लिप्या आणणारे जिस्ट तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि पुण्याच्या सी-डॅक या संशोधनसंस्थेत वाढले. विंडोजवर सी-डॅकचे आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी रुळले. त्या काळच्या फॉन्टमध्ये फार तर 256 जागा असत. रोमन अक्षरांच्या जागी अर्धी अक्षरे, मात्रा आणि जोडाक्षरांचे तुकडे बसवले जात. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असल्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. लेखक, जुळारी आणि मुद्रक एकाच कंपनीच्या फॉन्टला बांधले गेले.

यावर उपाय होता तो समान संकेतप्रणालीचा. भारतीय मानक इस्की 1991 साली निश्चित झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. विंडोज 2000 मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली. तिच्यासोबतचा मंगल फॉन्ट मुंबईच्या एनसीएसटी या संशोधनसंस्थेतील र. कृ. जोशी यांनी घडवला. लिनक्ससाठी रेड हॅटने लोहित फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले.

छपाईचे सॉफ्टवेअर मात्र मागे राहिले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची. तिच्यात युनिकोड देवनागरी जुळवता येत नव्हती. पानमांडणीच्याच इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय 2012 च्या सीएस6 आवृत्तीत आली. मधल्या काळात लेखक युनिकोडमध्ये लिही आणि छापखाना तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेई. अशा रूपांतरात ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले, तरी शब्द अर्थपूर्णच असल्यामुळे चूक मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही निसटू शकते.

आज विंडोजची बाजू भक्कम आहे ती जुन्या फाइली, श्रीलिपी आणि टॅली यांमुळे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनते, म्हणून हिशेबाचा संगणक सहसा विंडोजचाच असतो. परंतु विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. नवी आवृत्ती न पेलणारी यंत्रे त्यामुळे बदलावी लागतात. मॅक रंगकाम आणि सजावटीला उत्तम, पण भांडवल अधिक मागतो. लिनक्सला परवाना शुल्क नाही आणि तो जुन्या यंत्रावरही चालतो. लिब्रेऑफिस आणि पानमांडणीचे स्क्रायबस त्यावर मिळतात; इनडिझाइन आणि फोटोशॉप मिळत नाहीत.

म्हणून मजकूर टंकण्याला आणि तपासण्याला लिनक्स पुरेसा आहे, हिशेबाला विंडोज सोयीचा आणि सजावटीला मॅक किंवा विंडोज. तिन्ही एका कार्यालयात नांदू शकतात. अट एवढीच की मूळ मजकूर युनिकोडमध्ये असावा. मराठी प्रकाशकांनी जुन्या फॉन्टमधली आपली पुस्तके, ती उघडणारे संगणक चालू आहेत तोवरच, युनिकोडमध्ये आणून तपासून ठेवावीत.