बेटमन यांच्या फळमाश्या आणि पितृत्वाचा हिशेब
नराने जितक्या अधिक माद्यांशी समागम करावा तितकी त्याची संतती वाढते, मादीच्या बाबतीत मात्र अधिक समागमांचा तसा लाभ होत नाही, असा निष्कर्ष ॲंगस बेटमन यांनी 1948 मध्ये फळमाश्यांवरील प्रयोगांतून मांडला. वनस्पतींतील परागसंकराचाही अभ्यास केलेल्या या शास्त्रज्ञाने प्रत्येक माशीसाठी वेगळे उत्परिवर्तन, म्हणजे डोळे वा पंख यांच्या ठेवणीत उघड दिसणारा आनुवंशिक बदल, निवडले आणि संततीत ते लक्षण शोधून आईबाप ठरवले. डीएनए-चाचणी नसलेल्या काळात ही युक्ती कल्पकच होती, पण खोटही तिच्यातच दडली होती. कारण आईबापांची दोन्ही उत्परिवर्तने ज्यांच्यात एकत्र येत, अशा माश्यांपैकी बऱ्याच प्रौढ होण्याआधीच मरत आणि मोजणीतून निसटत. पॅट्रिशिया गोवाटी व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रयोग पुन्हा करून हे दाखवले. तोवर मूळ निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत पक्का बसला होता. वास्तविक खूण बेटमन यांच्या आकड्यांतच होती: प्रत्येक जीवाला एक आई व एक बाप असूनही तेथे बापांच्या नावावर आयांपेक्षा अधिक संतती नोंदलेली आहे.